नदीला नकाशावर रंग कोण देतं?

नद्या-तलावांच्या पाण्याचे रंगीत नकाशे आता फोनवरही बघायला मिळतात. निळा पट्टा म्हणजे उत्तम, हिरवा म्हणजे चांगलं, पिवळा म्हणजे जरा जपून, लाल म्हणजे लांबच राहा. नकाशा समजायला सोपा, म्हणून त्याच्यावर विश्वासही पटकन बसतो. पण समजा, शंभर किलोमीटर लांबीची नदी आहे. तिच्यावर बारा जागी, महिन्यातून एकदा, एकेक बाटली पाणी भरून नेलं. नकाशावर मात्र उगमापासून मुखापर्यंत सगळी नदी रंगवलेली दिसते. बारा बाटल्यांतून शंभर किलोमीटर रंग आला कुठून?

बाटली आणि रंग यांच्यामध्ये बरेच निर्णय घ्यावे लागतात. कुठे उभं राहायचं, किती वाजता, वरवरचं पाणी घ्यायचं की खोलातलं, त्यात काय काय मोजायचं, नऊ-दहा आकड्यांचा एक आकडा कसा करायचा, आणि जिथे कोणी गेलंच नाही तिथे कोणता रंग भरायचा. हे निर्णय ठाऊक असले की नकाशा खऱ्या अर्थाने वाचता येतो. म्हणून एकेक करून ते उलगडू या.

नितळ म्हणजे स्वच्छ नव्हे

१८६५ च्या एप्रिलमध्ये अँजेलो सेक्की हे इटालियन खगोलशास्त्रज्ञ पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात दोरीला बांधलेल्या थाळ्या सोडत होते. थाळी खाली खाली जाते आणि एका खोलीवर दिसेनाशी होते. ती खोली म्हणजे पाण्याच्या पारदर्शकतेचं माप. आज तलावांवर वापरतात ती थाळी साधारण २० सेंटिमीटर व्यासाची, बहुतेक वेळा काळ्या-पांढऱ्या चार पाकळ्यांची असते. होडीच्या सावलीच्या बाजूने सोडायची, दिसेनाशी झाली की दोरीवरचा आकडा टिपायचा, वर ओढताना पुन्हा दिसली की तोही टिपायचा आणि दोन्हींची सरासरी घ्यायची. वीज नको, रसायनं नकोत. दीडशेहून जास्त वर्षं झाली तरी या थाळीला निवृत्ती मिळालेली नाही.

पण ही थाळी नेमकं काय सांगते? पाण्यात उजेड किती खोल जातो, एवढंच. तो गाळाने अडला, शेवाळाने अडला की कुजलेल्या पानांच्या तांबूस अर्काने अडला, हे ती सांगत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नितळपणा आणि शुद्धता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्लवर्षावाने स्कँडिनेव्हियातली कित्येक तळी आम्लधर्मी झाली, तेव्हा त्यांचं पाणी बघायला विलक्षण नितळ होतं. त्यात मासे उरले नव्हते. पाण्यात विरघळलेल्या आर्सेनिकला रंगही नसतो आणि चवही नसते. उलट, जंगलातून येणारं चहाच्या रंगाचं पाणी पूर्णपणे निरोगी असू शकतं.

म्हणून ‘पाणी चांगलं आहे का?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कशासाठी चांगलं, हे आधी सांगावं लागतं. नायट्रेटचंच बघा. शेताला दिलेल्या पाण्यात ते असलं तर पिकाला खतासारखं उपयोगी पडतं. तेच पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात मिसळलं तर रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला ५० मिलिग्रॅम नायट्रेट ही मर्यादा घातली आहे. पोहणाऱ्याला काळजी जंतूंची, सिंचनाला क्षारांची, माशाला ऑक्सिजनची. एकच नदी एकाच दिवशी यांपैकी एकासाठी हिरवी आणि दुसऱ्यासाठी लाल असू शकते. नकाशाच्या कोपऱ्यात ‘कशासाठी’ हे लिहिलेलं नसेल, तर त्या रंगांना फारसा अर्थ नाही.

पाण्याचा श्वास

मोजण्यासारख्या गोष्टी शेकड्याने आहेत. पण मला एकच निवडायला सांगितली तर मी विरघळलेला ऑक्सिजन निवडेन, कारण पाण्यातल्या जवळजवळ प्रत्येक घडामोडीची खूण त्याच्यावर उमटते.

हवेत पाचातला एक भाग ऑक्सिजन असतो. पाण्यात मात्र लिटरला काही मिलिग्रॅम, बस्स. त्यातही पाणी तापलं की ऑक्सिजन निसटतो. समुद्रसपाटीवर शून्य अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरला जास्तीत जास्त १४.६ मिलिग्रॅम मावतो, २० अंशांना ९.१ आणि ३० अंशांना साधारण साडेसात. उन्हाळ्यात माशांची गरज वाढते आणि नेमका तेव्हाच साठा आटतो. त्यामुळे ‘सात मिलिग्रॅम’ हा आकडा तापमानाशिवाय अपुरा आहे: कडाक्याच्या थंडीत तो तुटवडा आहे, कडक उन्हाळ्यात जवळजवळ काठोकाठ.

आता वेळेचा प्रश्न. शेवाळाने भरलेल्या तळ्यात दिवसा ऊन असेपर्यंत ऑक्सिजन तयार होत राहतो, अगदी मावेल त्याहूनही जास्त. रात्री तेच शेवाळ आणि जंतू तो वापरत राहतात. दुपारी दोनला मोजला तर १३ मिलिग्रॅम आणि पहाटे पाचला दीड, असं अशा तळ्यात घडू शकतं. नमुना घेणारी माणसं बहुतेक दिवसा कामावर येतात. त्यांच्या वहीत वर्षभर दुपारचेच आकडे, सरासरी उत्तम. मासे मेलेले असतात पहाटे. दर पंधरा मिनिटांनी नोंद घेणारे संवेदक पाण्यात सोडले की हा लपंडाव उघड होतो. ते नसतील तर निदान नमुना किती वाजता घेतला हे आकड्याशेजारी लिहिलेलं असायला हवं.

ऑक्सिजनशी जोडलेलं दुसरं माप म्हणजे बीओडी, जैविक ऑक्सिजन मागणी. पाण्यात कुजण्यासारखा मैला, अन्न, पालापाचोळा किती आहे हे थेट मोजण्याऐवजी, तो खाताना जंतू किती ऑक्सिजन संपवतात हे बघायचं. नमुना बाटलीत बंद करून २० अंशांवर पाच दिवस अंधारात ठेवतात. अंधारात अशासाठी, की आतलं शेवाळ नवा ऑक्सिजन बनवून हिशेब बिघडवू नये. पाचच दिवस का? ब्रिटनच्या सांडपाण्यावरच्या रॉयल कमिशनने १९१२ मध्ये ही मुदत घातली, आणि तिथल्या नद्यांचं पाणी एवढ्या दिवसांत समुद्राला पोचतं, असं तिचं कारण सांगितलं जातं. त्याच कमिशनच्या प्रतवारीत १ मिलिग्रॅम बीओडीची नदी अतिशय स्वच्छ, २ ची स्वच्छ, ३ ची बऱ्यापैकी, ५ ची संशयास्पद आणि १० ची वाईट. एका देशाच्या छोट्या नद्यांवरून ठरलेली मुदत पुढे जगभराच्या प्रयोगशाळांत रुजली.

या चाचणीत एक फसगतही आहे. कारखान्याच्या विषारी पाण्यात जंतूच मरतात. जंतू नाहीत म्हणजे ऑक्सिजन खायला कोणी नाही, म्हणजे बीओडी कमी. कागदावर ते पाणी चांगलं दिसतं. म्हणून सोबत सीओडी ही रासायनिक चाचणीही करतात. तिच्यात जंतूंवर काहीच अवलंबून नसतं, तीव्र ऑक्सिडीकारक रसायनाने सगळं जाळून हिशेब काढतात. सीओडी भरमसाट आणि बीओडी अगदीच नगण्य असेल, तर आनंद मानण्याआधी कारण शोधावं.

नकाशासाठी ऑक्सिजनचा सगळ्यांत मोठा धडा अमेरिकेतल्या ओहायो नदीवर मिळाला. स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी १९२५ मध्ये दाखवून दिलं, की मैलापाणी जिथे नदीत पडतं तिथे ऑक्सिजन सर्वांत कमी नसतो. जंतूंना मैला खायला वेळ लागतो, त्याच वेळी हवेतून नवा ऑक्सिजन पाण्यात शिरत असतो आणि पाणी पुढे वाहत असतं. या ओढाताणीत ऑक्सिजनची पातळी हळूहळू उतरते, खाली कुठेतरी तळ गाठते आणि मग सावरते. प्रवाहाच्या वेगानुसार ती तळाची जागा नाल्याच्या तोंडापासून कित्येक किलोमीटर खाली असू शकते. नमुन्याची एक जागा नाल्याच्या मुखाशी आणि दुसरी पन्नास किलोमीटरवर असेल, तर सर्वांत वाईट पट्टा नेमका दोन्हींच्या मधे निसटतो. नकाशावर तो हिरवा आणि नदीत तिथे मासा नाही.

दोरीचा आकडा आणि फॉस्फरस

तळी हिरवी का पडतात, यावर एके काळी जोरदार वाद होता. काहींचं म्हणणं दोष कार्बनचा, काहींचं फॉस्फरसचा. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात संशोधनासाठी राखून ठेवलेल्या तळ्यांपैकी २२६ क्रमांकाचं एक तळं डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये मधोमध प्लास्टिकच्या पडद्याने दुभागलं. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन टाकले. दुसऱ्या बाजूला तेच, शिवाय फॉस्फरस. विमानातून काढलेल्या फोटोत पडद्याची एक बाजू काळसर नितळ आणि फॉस्फरसची बाजू शेवाळाने गच्च दिसते. साबणाच्या चुऱ्यातल्या फॉस्फेटवर बंधनं आणण्याच्या लढाईत हा एक फोटो शेकडो पानी अहवालांना भारी ठरला.

तळ्याच्या या ‘हिरवेपणा’ची मोजपट्टी रॉबर्ट कार्लसन यांनी १९७७ मध्ये बनवली आणि तिथे सेक्कींची थाळी पुन्हा भेटते. पट्टी ढोबळपणे शून्य ते शंभर. थाळी ६४ मीटरला दिसेनाशी झाली तर शून्य, ३२ ला १०, १६ ला २०, ८ ला ३०, ४ ला ४०, २ ला ५०, १ ला ६०, अर्ध्या मीटरला ७०. पारदर्शकता निम्मी झाली की दहा गुण वाढतात. हरितद्रव्य आणि फॉस्फरस यांवरूनही हाच आकडा काढता येतो. या तिहींची उत्तरं जुळत नाहीत तेव्हाच खरी माहिती मिळते. थाळी म्हणते पाणी वाईट, पण हरितद्रव्य कमी, तर पाण्याला शेवाळाने नव्हे, गाळाने किंवा तांबूस अर्काने झाकलं आहे.

सिएटलजवळच्या लेक वॉशिंग्टनमध्ये मैलापाणी सोडणं १९६३ ते १९६८ या काळात टप्प्याटप्प्याने बंद केलं. तेव्हा थाळी मीटरभर खोलीवरच दिसेनाशी व्हायची. पुढच्या काही वर्षांतच ती तीन मीटरांच्या पुढे गेली. प्रत्येक तळं इतक्या लवकर सावरत नाही. कारण वर्षानुवर्षं साचलेला फॉस्फरस तळाच्या गाळात लोहाला चिकटून बसलेला असतो, आणि तळाशी ऑक्सिजन संपला की तो सुटून पुन्हा पाण्यात येतो. नाले बंद झाले तरी तळं आतल्या आत स्वतःलाच खत घालत राहतं. अशा तळ्याच्या वरच्या थरातली एकच बाटली हे काहीच सांगू शकत नाही.

उन्हाळ्यात खोल तळ्याचे थर पडतात हे त्यामागचं कारण. पाणी सर्वांत जड असतं चार अंशांच्या आसपास, गरम पाणी हलकं म्हणून वर तरंगतं, आणि दोन्हींच्या मधे एक पट्टा असा असतो जिथे दर मीटरला तापमान झपाट्याने उतरतं. हा पट्टा झाकणासारखा काम करतो. खालचं पाणी महिनोन्‌महिने हवेला भेटत नाही. थंडी पडली की वरचं पाणीही जड होतं, झाकण मोडतं आणि सगळं तळं ढवळून निघतं. म्हणून तळ्याचा प्रामाणिक नकाशा खरं तर सपाट नसतोच. त्याला उभा छेद लागतो: खोली खाली, महिने आडवे.

नदी उथळ आणि वाहती, म्हणून ती नीट मिसळलेली असणार असं वाटतं. तेही नेहमी खरं नाही. ब्राझीलमध्ये मानाउसजवळ काळसर रिओ नेग्रो आणि गढूळ सोलिमोएस या नद्या एकत्र येतात आणि सुमारे सहा किलोमीटर शेजारी शेजारी, न मिसळता वाहतात. तापमान, वेग, घनता सगळं वेगळं. तिथे काठावरून भरलेली बाटली कोणत्या काठावरून भरली यावर उत्तर ठरेल. लहान नद्यांतही संगमाखाली किंवा नाल्याखाली हेच थोड्या अंतरापुरतं होतं. म्हणून पुलावर उभं राहून, मुख्य धारेत आणि शक्य असेल तर रुंदीभर दोन-तीन जागी नमुना घेतात.

बाटलीचीही एक शिस्त असते. प्रवाहाकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे आपल्याच पायांनी ढवळलेला गाळ बाटलीत येत नाही. साधी बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, पण जंतूंसाठीची निर्जंतुक बाटली मुळीच विसळायची नाही. धातू तपासायचे असतील तर आम्ल घालायचं, नाहीतर ते बाटलीच्या भिंतीला चिकटतात. जंतूंचा नमुना बर्फात ठेवून काही तासांत प्रयोगशाळेत पोचवायचा. एक बाटली शुद्ध पाण्याची, बाकीच्यांसारखीच प्रवास करून आणायची. तिच्यात काही सापडलं तर दोष नदीचा नाही, आपल्या हाताळणीचा. कंटाळवाणं काम आहे, पण पुढचं सगळं गणित याच्यावर उभं असतं.

किड्यांची साक्ष

रासायनिक चाचणी त्या क्षणाचं बोलते. मध्यरात्री कोणी टँकर रिकामा केला आणि नमुना सकाळी दहाला घेतला, तर पाणी पुढे निघून गेलेलं असतं. पण दगडाखाली राहणारे किडे कुठे जाणार? मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिस या कीटकांची पिल्लं महिनोन्‌महिने, काही तर वर्षाहून जास्त पाण्यात काढतात आणि बहुतेकांना भरपूर ऑक्सिजन लागतो. पाणी बिघडलं की आधी ती नाहीशी होतात. उलट, रक्तासारखी लाल दिसणारी कायरोनोमिड माशीची अळी हिमोग्लोबिनच्या जोरावर जवळजवळ ऑक्सिजन नसलेल्या गाळातही तग धरते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन यांनी कोणते जीव कशा पाण्यात राहतात याच्या याद्या केल्या आणि जीवांवरून पाणी ओळखण्याची पद्धत उभी राहिली. ब्रिटनमधल्या एका गुणपद्धतीत संवेदनशील मेफ्लाय कुळांना १० गुण, कायरोनोमिडला २ आणि गाळातल्या बारीक गांडुळांसारख्या जीवांना १. एक जाळी, एक पांढरा ट्रे आणि ओळखता येणारी नजर एवढ्यावर नदीची गेल्या कित्येक महिन्यांची हकीकत कळते.

नऊ विषय, एक निकाल

इथवर हाती दहा-पंधरा आकडे जमले. नकाशाला रंग हवा एकच. त्यासाठी निर्देशांक काढतात. अमेरिकेत हॉर्टन यांनी १९६५ मध्ये तशी पद्धत सुचवली आणि १९७० मध्ये ब्राउन आणि सहकाऱ्यांनी १४२ तज्ज्ञांची मतं घेऊन नऊ मापांचा निर्देशांक बनवला: ऑक्सिजन, मैलाजंतू, सामू (पीएच), बीओडी, तापमानातला फरक, फॉस्फेट, नायट्रेट, गढूळपणा आणि एकूण घनपदार्थ. प्रत्येकाला शंभरपैकी गुण, महत्त्वानुसार भार, आणि सगळ्यांची बेरीज.

गोची कुठे होते ते बघा. सोपेपणासाठी सगळ्यांना सारखाच भार देऊ. आठ विषयांत ९० गुण आणि नवव्यात, म्हणजे मैलाजंतूंच्या विषयात, फक्त ५. बेरीज ७२५, सरासरी ८०.६. सत्तर ते नव्वद म्हणजे ‘चांगलं’. रंग हिरवा. त्या पाण्यात मूल पोहायला उतरलं तर आजारी पडणार, आणि नकाशा खोटं काहीच बोललेला नाही! बेरजेऐवजी गुणाकाराची सरासरी घेतली, म्हणजे नऊ आकडे गुणून नववं मूळ काढलं, तर तेच पाणी ६५ वर येतं आणि ‘मध्यम’ ठरतं. पाण्यात एक थेंबही बदललेला नाही, फक्त गणिताची रीत बदलली.

युरोपीय संघाच्या २००० सालच्या पाणीविषयक निर्देशाने कडक वाट धरली: एका विषयात नापास म्हणजे नापास. जैविक आणि इतर निकषांतला सर्वांत वाईट निकाल तोच अंतिम. सुरक्षिततेच्या दृष्टीने मला ही वाट पटते, पण तिची किंमत मोठी आहे. स्वीडनच्या सगळ्या नद्या-तलावांतल्या माशांत पारा मर्यादेपेक्षा जास्त आहे, त्यामुळे रासायनिक स्थितीचा नकाशा काढला तर सगळा देश एकजात लाल. कुठे पुष्कळ सुधारणा झाली, कुठे घसरण झाली, काहीच दिसत नाही. म्हणून असे सर्वत्र पसरलेले पदार्थ वगळून दुसरा नकाशा सोबत देण्याची सोय करावी लागली. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतला निर्देशांक तिसऱ्याच वाटेने जातो: ८० टक्के मोजमापं मर्यादेत असली की ते पाणी ‘चांगलं’. देशादेशांची तुलना करायला हे सोयीचं आहे. पण उरलेली २० टक्के मोजमापं कोणत्या दिवसांची होती, हे नदीकाठच्या माणसाला तरी कळायला हवं.

न मोजलेली जागा

आता सर्वांत नाजूक काम: बिंदूंच्या मधली जागा भरणं. साधी रीत अशी, की जवळच्या बिंदूचं जास्त ऐकायचं, लांबच्याचं कमी. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत धातूचा अंदाज बांधणाऱ्या डॅनी क्रिग यांच्या नावाने ओळखली जाणारी क्रिगिंग ही पद्धत याहून शहाणी आहे. किती अंतरापर्यंत दोन जागांचे आकडे एकमेकांसारखे राहतात हे ती आधी आकड्यांनाच विचारते, आणि अंदाजाबरोबर तो किती कच्चा आहे तेही सांगते. हा कच्चेपणाचा दुसरा नकाशा फार थोडे लोक छापतात. तो छापलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

तळ्याला हे चालतं, तेही सांभाळून. मधे जमिनीची जीभ आत घुसलेली असेल तर तिच्या दोन बाजूंचे बिंदू सरळ रेषेत अर्ध्या किलोमीटरवर असतात, पण पाण्याला वळसा पाच किलोमीटरचा पडतो. नदीला मात्र ही रीत तशीच लावली तर धडधडीत चूक होते. शेजारच्या खोऱ्यातली नदी हाकेच्या अंतरावर असली तरी या नदीबद्दल काही सांगत नाही. पाणी वरून खाली जातं, त्यामुळे वरच्या बिंदूची बातमी खाली पोचते, खालची वर नाही. एका उपनदीवरचा आकडा दुसऱ्या उपनदीला लागू नाही. संगमाखाली दोन्ही मिसळतात, पण किती पाणी कुठून आलं त्या प्रमाणात. मुख्य नदीत सेकंदाला १० घनमीटर पाणी आणि बीओडी २. उपनदीत २ घनमीटर आणि बीओडी १२. मिसळून झालेलं पाणी साधारण ३.७ चं. नुसती सरासरी काढली असती तर ७ आलं असतं. म्हणून प्रवाह न मोजता नदीच्या गुणवत्तेचा नकाशा काढणं म्हणजे पाककृतीत जिन्नस लिहून प्रमाण न लिहिणं.

आकाशातून काय दिसतं

उपग्रह आले आणि बिंदूंच्या मधली जागा प्रथमच खरोखर दिसू लागली. पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या उजेडात शेवाळाची सही असते: हरितद्रव्य निळा आणि लाल उजेड शोषतं आणि लालच्या थोडं पलीकडे, ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, एक उंचवटा उमटतो. विषारी असू शकणाऱ्या निळ्या-हिरव्या शेवाळातलं फायकोसायनिन हे रंगद्रव्य ६२० च्या आसपास उजेड खातं. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची जोडी दर पाच दिवसांनी तीच जागा बघते आणि तिचा बारकावा १० मीटरपर्यंतचा, पण ६२० ची पट्टी तिच्याकडे नाही. सेंटिनेल-३ कडे ती आहे, पण त्याच्या चित्रातला एक ठिपका ३०० मीटरचा. त्यात लहान तळं काठासकट बुडून जातं आणि अरुंद नदी दिसतच नाही.

शिवाय पाणी मुळातच काळोखं. उपग्रहाला पाण्यावरून मिळणाऱ्या संकेतातला ९० टक्क्यांपर्यंतचा उजेड पाण्याचा नसून मधल्या हवेचा असतो. तो वजा करण्यात थोडी चूक झाली तरी शेवाळाचा आकडा भलतीकडे जातो. ढग आले तर काहीच नाही. आणि जे उजेडावर ठसा उमटवत नाही, म्हणजे जंतू, नायट्रेट, आर्सेनिक, कीटकनाशकं, ते आकाशातून थेट दिसणं शक्यच नाही. म्हणून उपग्रह वरून जातो त्याच सुमारास कोणीतरी होडीत बसून बाटली भरावी लागते.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात चार लाखांहून जास्त लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. लेक एरीमधल्या शेवाळाचं मायक्रोसिस्टिन हे विष शुद्धीकरण होऊनही नळात पोचलं होतं. ते उकळून जात नाही, पाणी आटल्याने उलट तीव्र होतं. त्या वर्षी शेवाळाचा पसारा विक्रमी नव्हता, २०११ मध्ये तो याहून मोठा होता. पण शहर जिथून पाणी उचलतं, नेमकं तिथे शेवाळ येऊन पोचलं. सगळ्या सरोवराची सरासरी काढून मिळालेल्या रंगाला त्या एका जागेचं काहीच ठाऊक नसतं.

म्हणून नकाशा समोर आला की मी आधी राखाडी रंग शोधते. राखाडी म्हणजे ‘इथे मोजलेलं नाही’. ज्या नकाशावर तो भरपूर आहे, तो काढणाऱ्याने आपल्याला फसवलेलं नाही. जिथे तो कुठेच नाही, तिथे बिंदू किती, कोणत्या महिन्यातले, किती खोलीचे, हे विचारते. आणि मग बघते, की हाच नकाशा मागच्या दहा-वीस वर्षांचाही आहे का. कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवरच्या लेक ताहोमध्ये १९६८ पासून पारदर्शकता सातत्याने मोजली जाते. पहिल्या वर्षी सरासरी होती सुमारे ३१ मीटर. २०१७ मध्ये, दुष्काळानंतर आलेल्या जोरदार हिवाळ्याने गाळ लोटला, तेव्हा ती १८ वर उतरली. त्या एका वर्षाचा आकडा धरून बसलं असतं तर सरोवर संपलं असंच वाटलं असतं. पुढच्याच वर्षी तो बराच सावरला. मधल्या काळात संवेदक आले, उपग्रह आले, गणिती प्रारूपं आली. तरीही तिथली माणसं होडी काढतात, ठरलेल्या जागी जातात, दोरीला बांधलेली पांढरी थाळी पाण्यात सोडतात आणि ती दिसेनाशी झाली की दोरीवरचा आकडा वहीत लिहितात.